दहा ग्रॅम राता

शनिवारी सकाळी आठ वाजता मला झोपेतून उठवायचा हक्क दोनच माणसांना आहे. एक अमेरिकेतला क्लाएंट, दुसरा पेणचा मामा. क्लाएंटला 'बघतो, सोमवारी कळवतो' असं सांगून परत झोपता येतं. मामाला नाही.

एप्रिलमधली गोष्ट. मामा म्हणाला, "तुझ्या त्या इंटरनेटवर बघ रे जरा, राताचं बी कुठे मिळतं ते."

राता म्हणजे भाताचा एक जुना वाण, एवढं मला आजीमुळे माहीत होतं. लालसर, जाड तांदूळ. लहानपणी मे महिन्यात गेलो की पानात तो भात आला की आम्ही मुंबईची पोरं नाकं मुरडायचो आणि आजी म्हणायची, खा, याची पेज प्यायलेला माणूस संध्याकाळपर्यंत भूक म्हणत नाही. नंतर कधीतरी तो पानातून गेला. कधी गेला ते आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा गोष्टी जाताना सांगून जात नाहीत बहुतेक.

ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. पेण-अलिबाग भागात खाडीच्या कडेने जी शेती आहे ती जवळजवळ भरतीच्या पाण्याच्या पातळीवर आहे. बांध घालून भरती अडवायची, ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर सोडायचं, पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की भात करायचं. पिढ्यानपिढ्या हाच उद्योग. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या उधाणाला बाहेरकाठ्याला खांड गेली आणि खारं पाणी मामाच्या शेतात शिरलं. बांध पुन्हा घातला, पण जमिनीत बसलेला खार एका पावसाळ्यात जात नाही. त्यात सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओढ देतो, वरची माती सुकते, खालचा खार वर चढतो, आणि नेमकं त्याच वेळी भात फुलोऱ्यावर असतं. मामाने दोन वर्षं दुकानातून आणलेलं सुधारित बियाणं लावलं. दोन्ही वर्षं लोंब्या आल्या आणि आत दाणाच नाही. सगळं पळिंज. मग त्याला आठवलं की आजोबांच्या वेळी असं झालं की राता टाकायचे.

मी दोन तास शोधलं. राता मिळाला! म्हणजे माहिती मिळाली. 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' या नावांनी आमचा राता संशोधनाच्या जगात बऱ्यापैकी नाव कमावून आहे. खार सोसणाऱ्या भारतीय भातांबद्दलचे पेपर उघडले की केरळच्या पोक्कालीच्या जोडीने आपलं हे महाराष्ट्रातलं भात बसलेलं दिसतं. मला उगाचच अभिमान वाटला. मामाला फोन लावला.

"मामा, आपला राता फेमस आहे."

"बरं. पाच किलो कुठे मिळेल?"

तिथे माझं इंटरनेट संपलं.

त्यानंतर हा विषय डोक्यातून जाईना म्हणून हा लेख. भाताच्या जनुकीय संशोधनासाठी महाराष्ट्रात एक सामायिक केंद्र असावं, असं कोणी म्हटलं की आपल्याला वाटतं हा शास्त्रज्ञांचा प्रश्न, आपण त्यात काय बोलणार. मी सर्व्हर सांभाळतो, भात नाही. पण जितकं वाचलं तितकं लक्षात आलं की यातला अवघड भाग जीवशास्त्राचा नाहीच. तो आमच्या धंद्यातला आहे. काय साठवायचं, त्याच्यासोबत काय लिहून ठेवायचं, कोणाला किती दिवसांत द्यायचं, आणि साठवलेलं खरंच परत मिळतं का हे कोणी तपासायचं.

माझा एक कॉलेजचा मित्र अंधेरीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत वनस्पतींवर काम करतो. त्याला भाताचे चाळीसेक देशी वाण हवे होते, खाऱ्या पाण्यात मुळं काय करतात ते बघायला. अर्ज केला, करार झाला, सही राहिली, सही झाली, माणूस बदलला, परत सही. आठ महिन्यांनी पाकिटं आली. त्यातली निम्मी उगवली नाहीत. तो म्हणाला, जनुक शोधायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पाकिटं यायला लागतो. (त्याने संस्थेचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सगळीकडे एकच कथा आहे म्हणे.)

गंमत बघा. भाताचा पूर्ण जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांनी मिळून केलेलं काम होतं ते आणि भारताच्या वाट्याला अकराव्या गुणसूत्राचा एक भाग होता. साधारण ३९ कोटी अक्षरं. आमच्या हिशोबाने एका अक्षराला दोन बिट धरले तर शंभर एमबीच्या आत. गाण्यांच्या जुन्या सीडीत सहा-सात भातं मावतील. २०१४ साली तर ८९ देशांतल्या ३,००० भातांचे जीनोम सगळ्या जगाला फुकट खुले केले. मी मुलुंडला घरी बसून ते उतरवू शकतो. पण त्यातल्या एका भाताचं मूठभर बी मला, माझ्या मित्राला किंवा मामाला हवं असेल तर मात्र शिक्के, सह्या आणि आठ महिने. जीनोम हा भाताचा फोटो आहे हो. फोटो पेरता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बी साठवून ठेवलंय ना कुठेतरी? ठेवलंय, आणि भरपूर ठेवलंय. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पेढीत १,३२,००० हून जास्त नमुने आहेत. दिल्लीत राष्ट्रीय जनुक पेढी आहे, कटकला भात संशोधन संस्था आहे, रायपूरच्या कृषी विद्यापीठात वीस हजारांवर नमुने आहेत. हा साठा कसा उपयोगी पडतो त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. सत्तरच्या दशकात आशियात भातावर एका विषाणूने थैमान घातलं. तुडतुड्यांमार्फत पसरायचा, रोप खुरटायचं आणि गवतासारखं व्हायचं. लॉस बान्योसच्या लोकांनी सहा हजारांवर नमुने तपासले. टिकला एकच. उत्तर प्रदेशातून आणलेलं एक रानटी भात, जे कोणी शेतात उभंही करणार नाही. त्याच्यापासून पुढे आलेला आयआर-३६ हा वाण एके काळी जगात सगळ्यात जास्त जमिनीवर लावला जात होता. सहा हजारांत एक! ज्याने ते रानभात गोळा करून पाकिटात घातलं त्याला तेव्हा कोणीतरी नक्की विचारलं असेल की हे कशाला.

माझ्या टीममध्ये कटकचा एक मुलगा आहे. त्याला ही गोष्ट सांगितली तर त्याने लगेच ओडिशाचं भात काढलं. तिथलं एक देशी भात दोन आठवडे पुराच्या पाण्याखाली राहून जगतं. ते कित्येक दशकं संग्रहात पडून होतं, २००६ साली त्यातला नेमका जनुक सापडला आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ नावाचा वाण आला. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ओडिशा विरुद्ध रायगड असा सामना चालू आहे. सध्या ते पुढे आहेत, हे कबूल करावं लागतं.

तर मग महाराष्ट्राचं काय?

कर्जत लोकल आपण सगळे बघतो. ठाण्याला तिच्यात चढायचं नाही एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या लाइनच्या शेवटाला, मुलुंडहून दीडेक तासावर, भाताचं संशोधन केंद्र आहे. १९१९ पासून आहे. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कोकणातल्या गावोगावच्या भातांतून निवड करून काढलेले झिणिया-३१, कोळंबा-४२, पटणी-६, वरंगळ-४८७ असे वाण ब्रिटिशांच्या काळापासूनच्या याद्यांमध्ये आहेत. ते आकडे बघून मला आमच्या बिल्ड नंबरांची आठवण झाली. पुढे याच कर्जतमधून कर्जत मालिकेतले वाण आणि सह्याद्री नावाची संकरित भातं आली. पनवेलला खार जमिनीचं वेगळं संशोधन केंद्र आहे, त्यांनीही खार सोसणारे पनवेल मालिकेचे वाण दिलेत. ट्रॉम्बेला, म्हणजे आपल्या घाटकोपरपासून रिक्षाच्या अंतरावर, भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्ग वापरून पिकांचे नवे वाण करतात. शहरात जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि संगणकाची माणसं तर काय, दगड मारला तर एखाद्याला लागेल. हे सगळं एका लोकलच्या पासावर आहे. एकमेकांशी बोलण्यापुरतं मात्र नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये. त्यात सागरी जीव आहेत, गोड्या पाण्यातले मासे आहेत, गुरांच्या देशी जाती, गवताळ माळ, जंगलं आहेत आणि स्थानिक पिकांची बियाणीही आहेत. कल्पना चांगलीच आहे. पण सात विषयांतल्या एका विषयाच्या एका पिकाच्या वाट्याला किती लक्ष येईल याची मला धाकधूक आहे. म्हणून मला वाटतं भाताचं स्वतंत्र, सामायिक केंद्र हवं आणि ते कर्जतला हवं. आणि त्याची आखणी गोदाम म्हणून करू नये, वाचनालय म्हणून करावी.

म्हणजे काय, तर गोदामाचं यश आत किती पोती आहेत यावर मोजतात. वाचनालयाचं यश पुस्तकं किती बाहेर गेली यावर. आपल्याकडे कुठलंही केंद्र उभं करायचं म्हटलं की पहिल्यांदा इमारत, मग कोनशिला, मग शीतगृहाच्या मशीनचं टेंडर. उद्घाटनाच्या फोटोत नमुन्यांचा आकडा येतो. किती नमुने कोणाला दिले, किती दिवसांत दिले, दिलेल्यातले किती उगवले, हे तीन आकडे मला कोणी पहिल्या पानावर लावून दाखवावेत. मी त्या केंद्राला माझा एक महिन्याचा पगार द्यायला तयार आहे. (बायकोने वाचलं तर अर्ध्या महिन्याचा.)

शीतगृहाचं शास्त्र तसं साधं आहे. बियाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान पाच अंश उतरवलं की पुन्हा दुप्पट, असा जुना ढोबळ नियम आहे. म्हणून भात नीट वाळवून, हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांवर ठेवतात. पण ठेवलं म्हणजे झालं असं नाही. ठरावीक वर्षांनी थोडं बी काढून उगवण बघायची, आणि ती ८५ टक्क्यांच्या खाली यायला लागली की शेतात लावून नवं बी करायचं. आमच्याकडे ज्युनियर पोरांना एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. जो बॅकअप कधी परत उघडून बघितलेला नाही तो बॅकअप नव्हे. मित्राला आलेली न उगवणारी पाकिटं कोणाच्या तरी यादीत आजही 'उपलब्ध' म्हणून असणार. हे उगवण बघायचं काम कंत्राटी माणसाचं नाही, अकरा महिन्यांनी घरी जाणाऱ्याचं तर नाहीच नाही. इमारत एक वर्ष उशिरा झाली तरी चालेल, पण त्या दोन-तीन कायम जागा आधी भरा.

आणि दुसरी प्रत. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय पेढीत २००६ साली वादळाचं पाणी शिरलं आणि २०१२ साली आग लागली. एकाच इमारतीत दोन्ही. सीरियात अलेप्पोजवळची पेढी युद्धात अडकली तेव्हा २०१५ साली नॉर्वेच्या स्वालबार्डच्या बर्फात ठेवलेली प्रत बाहेर काढावी लागली, म्हणून तिथला गहू आणि मसूर वाचला. कर्जतला उल्हास नदी आहे आणि २६ जुलै २००५ आपण कोणी विसरलेलो नाही. तेव्हा कर्जतची प्रत विदर्भात ठेवावी. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला भाताचं संशोधन होतंच. त्यांची प्रत कर्जतला, आपली त्यांच्याकडे. दोघांनी एकमेकांचं जपायचं, खर्च अर्धा-अर्धा. दिल्लीची पेढी तिसरी.

विदर्भाचं नाव निघालं म्हणून, या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. 'एचएमटी' तांदूळ तुम्ही खाल्ला असेल. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वाण्याकडे पोतं असतं. हा वाण कुठल्या प्रयोगशाळेतून आला? कुठल्याच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास आपल्या शेतात पटेल-३ या भातात दोन-चार वेगळ्या लोंब्या बघितल्या, त्या बाजूला काढल्या, आणि वर्षामागून वर्ष निवडत नेल्या. नाव ठेवलं त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून. नंतर कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून आलेल्या बियाण्यावर काम करून १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठ म्हणे आम्ही शुद्ध केला, दादाजी म्हणत वाण माझा. २००५ साली त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, मोठ्या मासिकांनी दखल घेतली, आणि तरी २०१८ साली ते गेले तेव्हा उपचारांच्या पैशांची चणचण होती. बाजारात त्यांच्या तांदळाची उलाढाल किती झाली असेल ते मी सांगत बसत नाही, तुम्ही आपापल्या महिन्याच्या वाणसामानाच्या बिलावरून अंदाज बांधा.

आता यात कोण खरं, कोण खोटं, या भांडणात मला पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की दोघांच्या मध्ये एक वही नव्हती. अमुक तारखेला अमुक माणसाने इतकं बी दिलं, त्याचं वर्णन हे, त्याच्यावर पुढे काय केलं ते हे. आम्ही कोडची एक ओळ बदलली तरी कोणी, कधी, का बदलली ते कायमचं नोंदलं जातं, आणि ते पुसायची सोय ठेवलेली नसते. दोन रुपयांच्या वेबसाइटला आपण ही शिस्त लावतो. कोट्यवधी लोक खातात त्या तांदळाला नाही. कायदा आहे बरं का. २००१च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवायचा हक्क दिलाय, बी राखायचा, बदलायचा, विकायचा हक्क दिलाय, आणि त्याच्या वाणापासून कंपनीने नवा वाण काढला तर वाटा मागायची तरतूदही केलीय. पण वाटा मागायला आधी 'माझ्याकडून गेलं' हे दाखवता यायला हवं. ती वही केंद्राने ठेवायची.

वही नसली की विश्वासही राहत नाही. रायपूरचा संग्रह डॉ. रा. ह. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव माणसं पाठवून गोळा केला, जवळजवळ १९,००० नमुने. त्यांच्यावर आणि त्या संग्रहावर काय गुदरलं त्याबद्दल गोव्याच्या क्लॉड आल्वारिस यांनी १९८६ साली 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिलं तेव्हा खळबळ उडाली होती. पुढे २००२ साली रायपूरच्या विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार केला, लोक रस्त्यावर आले, आणि वर्षअखेरीस कंपनीने माघार घेतली. लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावाने विश्वासाने दिलेलं बी बंद खोलीतल्या कराराने कोणाकडे जात असेल तर लोक ओरडणारच. पण अशा प्रकारांचा दुसरा परिणाम असा होतो की पेढी सांभाळणारा अधिकारी घाबरतो. कोणाला दिलं तर उद्या चौकशी लागेल, न दिलं तर कोणी विचारत नाही. मग तो कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. माझ्या मित्राचे आठ महिने त्या किल्लीतून येतात.

यावर उतारा आमच्या धंद्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच निघाला. ओपन सोर्सचं लायसन्स. घे, वापर, बदल, पण मूळ लेखकाचं नाव काढू नकोस आणि पुढच्याला अडवू नकोस. बियाण्यांच्या जगातही असा नमुना करार आहे, २००४ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय तहाखालचा. सगळ्यांना एकच छापील करार, दरवेळी वाटाघाटी नाहीत. आणि भात त्या तहाच्या यादीत आहे. राज्याच्या केंद्राने याच धर्तीवर तीन-चार पानी मराठी करार करावा. शेतकऱ्याला फुकट, संशोधकाला टपालखर्चात, कंपनीला पैसे घेऊन, आणि प्रत्येक देणं-घेणं वेबसाइटवर जाहीर. कोणी काय नेलं ते गावाला घरबसल्या दिसलं पाहिजे. लपवाछपवी नसली की अधिकाऱ्यालाही घाबरायचं कारण उरत नाही.

आमचा एक सीनियर आहे, प्रत्येक गोष्टीत 'बिझनेस केस काय' विचारतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, शेतकऱ्यांना थेट बी देणं हे संशोधन केंद्राचं काम नाही, त्यासाठी बियाणं महामंडळ आहे. पेढीतून कोणाला पाच-पाच किलो वाटत बसलात तर पेढी रिकामी होईल. मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी हिशोब केला. पाच किलो द्यायचेच नाहीत. दहा ग्रॅम द्यायचे.

दहा ग्रॅम म्हणजे भाताचे साधारण चारशे दाणे. एकेक रोप वीस बाय पंधरा सेंटिमीटरवर लावलं तर बारा चौरस मीटर लागतात, म्हणजे आपल्या मुंबईतल्या एका बेडरूमएवढी जागा. एका रोपाला दहा-बारा ग्रॅम धरले तर पहिल्या वर्षी चार ते पाच किलो. दुसऱ्या वर्षी ते दहा गुंठ्यांना पुरतात. खार जमिनीत उतारा कमी धरून, हेक्टरी दोन टन, तरी दोनशे किलो. तिसऱ्या वर्षी दोनशे किलोत दहा एकर. म्हणजे राताचं एक छोटं पाकीट तीन पावसाळ्यांत मामाचं अख्खं शेत आणि शेजारच्या चौघांचं भागवतं. पेढीचं नुकसान चारशे दाण्यांचं. सीनियरने कागद उलटसुलट बघितला आणि चहा प्यायला गेला. आमच्यात याला मान्यता म्हणतात. :-)

शिवाय शेतात लावलेलं बी हीसुद्धा एक प्रतच आहे, आणि चालू प्रत. शीतगृहातलं भात १९७० सालच्या हवेत थांबलेलं असतं, शेतातलं दर वर्षीचा पाऊस आणि खार बघत बदलत राहतं. जव्हारला 'बायफ'च्या मदतीने आदिवासी शेतकऱ्यांनी देशी भातांच्या बीज बँका चालवल्यात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना तर २०२० सालची पद्मश्री मिळाली. अशा बऱ्याच बीज बँकांत नियम एकच असतो, नेलं त्याच्या दुप्पट परत आणायचं. याहून सोपा करार कुठल्या वकिलाने लिहिला असेल असं वाटत नाही. कर्जतच्या केंद्राने या बीज बँकांना 'लाभार्थी' म्हणू नये, शाखा म्हणावं. त्यांचं बी थंडीत ठेवायचं, त्यांच्या वहीची प्रत आपल्या वहीत, आणि त्यांच्याकडचं मेलं तर मागितल्याच्या आठवड्यात परत.

तुम्हाआम्हाला याचा काय उपयोग, असं अजूनही वाटत असेल तर घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या कुठल्याही दुकानात 'वाडा कोलम' मागून बघा. हवा तितका मिळतो. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या त्या भाताला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पोत्यावर नाव छापायला काय लागतं? पोत्यातला तांदूळ खरंच तो आहे का हे डीएनएवरून सांगता येतं, पण ताडून बघायला अस्सल, नोंद असलेला नमुना कुठेतरी असावा लागतो. तो कुठे आहे, कोण देतं, किती दिवसांत, हेच प्रश्न परत.

एका रविवारी मी मुद्दाम कर्जतला जाऊन आलो. सुट्टी असल्यामुळे केंद्राच्या आत काही गेलो नाही. वांगणीच्या पुढे खिडकीतून भाताची खाचरं दिसायला लागतात, आणि खाचरांपेक्षा जास्त 'निसर्गाच्या कुशीत सेकंड होम'च्या पाट्या. एका पाटीवर भातशेतीचा फोटो होता. त्यातलं भात बहुतेक इंडोनेशियाचं असावं, आपल्याकडे अशा पायऱ्या नसतात.

राता शेवटी इंटरनेटवर नाहीच मिळाला. वडखळच्या पलीकडच्या एका गावात मामीच्या ओळखीतल्या म्हाताऱ्या आजींच्या घरी कणगीच्या तळाला दोन पायली निघाला. त्या दर वर्षी चार गुंठे लावतात, पेजेपुरतं. मामाला देताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुप्पट आण. मामाने शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले, चौसष्ट उगवले. तेव्हा त्याने बी थोडं दाट टाकलंय. आता जुलै आहे, रोपं वर आलीत. खरी परीक्षा सप्टेंबरअखेरीला.

त्यातलं पाव किलो मी मागून आणलं. आठवडाभर सुकवून बोर्नव्हिटाच्या रिकाम्या बरणीत भरलं, वर चिठ्ठी लावली: आजींचं नाव, गाव, तारीख, उगवण ६४. बरणी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवली. काल बायकोने विचारलं, हे इथे किती वर्षं राहणार आहे? मी म्हटलं, आतला ओलावा किती आहे त्यावर अवलंबून आहे. तिने काही न बोलता बरणी इडलीच्या पिठामागे सरकवली.